दुखणे थांबल्यानंतरचा घोटा

पाय मुरगळणे हे आपल्याकडे दुखणे म्हणून फारसे गणलेच जात नाही. हाड मोडले, प्लास्टर चढले, की घरातली माणसे पाण्याचा पेला हातात आणून देतात. मुरगळलेल्या पायाची मात्र हळदीचा लेप, क्रेप बँडेज आणि ‘चार दिवसांत लागेल चालायला’ एवढ्या आश्वासनावर बोळवण होते. माणूस काही दिवसांत खरोखरच चालायला लागतो, त्यामुळे विषय तिथेच मिटतो. माझ्या उजव्या घोट्याच्या बाबतीत गेल्या पावसाळ्यात तो मिटला नाही, कारण चालता येणे आणि घोटा बरा होणे यांत बरेच अंतर असते, हे एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला मोजून दाखवले. ते अंतर व्यायामाने कसे कापले गेले, हे इथे जरा सविस्तर लिहीत आहे.

घडले ते अगदी साधे होते. नागपुरात आमच्या वस्तीतला सिमेंटचा रस्ता कडेच्या पेव्हर ब्लॉकपेक्षा चांगलाच उंच आहे. जुलैतल्या एका संध्याकाळी पाणी साचलेले असल्याने ती कड दिसली नाही आणि पाऊल आतल्या बाजूला वळून शरीराचा सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या अंगावर आला. घोट्याच्या बाहेरच्या हाडाला खालच्या हाडांशी बांधून ठेवणारी तीन लिगामेंट असतात, एक पुढे, एक मधे आणि एक मागे. पाऊल खाली झुकलेले असताना आत वळले तर सर्वांत आधी ताण बसतो तो पुढच्यावर, आणि तेच तिघांत सर्वांत कमजोर असते. बहुतेक मुरगळण्यांमध्ये तेच दुखावते. माझे ते अर्धवट फाटले होते, म्हणजे दुसऱ्या दर्जाची दुखापत. पहिल्या दर्जात लिगामेंट नुसते ताणले जाते, तिसऱ्यात ते पूर्ण तुटते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे सांगण्याआधी पाय ज्या क्रमाने तपासला तो क्रम मला, गणिताची शिक्षिका असल्यामुळे असेल, फार आवडला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालून सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत त्यांनी बोटाने दाबत नेली, मग पायाच्या करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाचा मागचा उंचवटा दाबला, मग पावलाच्या आतल्या बाजूचे एक लहान हाड, आणि शेवटी लंगडत का होईना, चार पावले टाकायला सांगितली. हे नियम कॅनडातील ओटावा येथे इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडले. यांपैकी कुठल्याही हाडावर दाबून दुखत नसेल आणि चार पावले टाकता येत असतील, तर हाड मोडले असण्याची शक्यता इतकी कमी असते की एक्स-रेचा खर्च वाचवता येतो. माझे घोट्याचे टोक दुखत होते, म्हणून एक्स-रे काढावा लागला. हाड शाबूत होते.

पहिल्या काही दिवसांबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. पाय उशीवर उंच ठेवणे, पट्टी बांधणे, अधूनमधून कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावणे, बस. सासूबाईंचा आग्रह होता की महाल भागातल्या एका मालिशवाल्याला बोलवावे. त्याने म्हणे कित्येकांची मोच एका झटक्यात उतरवली आहे. डॉक्टरांनी सुरुवातीला जोराची मालिश आणि गरम शेक या दोन्हींना स्पष्ट नकार दिला, कारण आत आधीच रक्त साकळलेले असते आणि त्या दोन्हींनी सूज वाढते. आंबेहळदीच्या लेपाला मात्र त्यांची हरकत नव्हती, त्यामुळे घरातली शांतता टिकली. बर्फाबद्दल नंतर वाचले तेव्हा गंमत वाटली. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही प्रसिद्ध चतुःसूत्री अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ साली सांगितली, आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. आता दुखणे सोसेल त्या मर्यादेत पायावर लवकर भार देण्याकडे कल आहे. बर्फ वेदना कमी करण्यापुरता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पावलावर उमटलेला काळानिळा डाग पाहून मात्र घरचे सगळेच घाबरले, कारण दुखापत घोट्याला आणि निळे पडले होते बोटांच्या मुळाशी. साकळलेले रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे तो डाग हिरवट झाला, पिवळा झाला आणि गेला.

शंकर नगरातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण बोलणे नेमके. पहिल्याच भेटीत त्यांनी दोन प्रश्न विचारले: हा पाय याआधी मुरगळला होता का, आणि बरे झाल्यावर तुम्हाला या पायाने नेमके काय करायचे आहे? पहिल्याचे उत्तर होकारार्थी होते. कॉलेजात खो-खो खेळताना हाच घोटा गेला होता आणि त्यानंतर अधूनमधून तो लचकत असे. दुसऱ्याचे उत्तर मी जरा संकोचूनच दिले, की त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास रामटेकच्या गडावर पायऱ्यांनी जाण्याचा आमचा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता आहे. त्यांनी फाइलवर ‘रामटेक, पायऱ्या, चढ-उतार’ असे लिहून घेतले. मग त्या म्हणाल्या, “ताई, खरं सांगायचं तर साध्या मुरगळलेल्या पायाला दर वेळी आमची गरज असतेच असं नाही. घरी नीट सूचना पाळल्या तरी पुष्कळ जण बरे होतात. पण तुमचा पाय जुना दुखावलेला आहे आणि तुम्हाला पायऱ्या उतरायच्या आहेत.” पुढे कळले की कॅनडातच २०१६ मध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात फिजिओथेरपीची जोड दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत म्हणावा असा फरक दिसला नव्हता. आपल्याच व्यवसायाला गैरसोयीची असलेली ही गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पहिले व्यायाम इतके किरकोळ वाटत की त्यांना व्यायाम म्हणायचे कसे, असा प्रश्न पडे. पाय लांब करून बसायचे आणि पाऊल वर-खाली हलवायचे. जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी स्वतःकडे ओढायचा. पावलाची बाहेरची कड भिंतीला टेकवून ५ सेकंद नुसती दाबायची, पाऊल न हलवता. या शेवटच्या प्रकारात सांधा जागचा हलत नाही, म्हणून लिगामेंटला इजा होत नाही, पण स्नायू जागे राहतात. मला सर्वांत आवडला तो हवेत अक्षरे काढण्याचा व्यायाम. पायाच्या अंगठ्याला पेन्सिल समजून, गुडघा स्थिर ठेवून, अक्षरे गिरवायची. मॅडम सगळ्यांना इंग्रजी अक्षरे सांगत. मी घरी मुळाक्षरे घेतली. ‘ग’ आणि ‘र’ सहज निघतात, ‘ळ’ला पाऊल दोन्ही बाजूंनी वळवावे लागते आणि ‘क्ष’ काढताना घोट्याच्या सगळ्या दिशा एका दमात पार पडतात. सुरुवातीला ‘ळ’च्या दुसऱ्या गाठीशी पाऊल अडत असे, नेमके ज्या दिशेने ते मुरगळले होते त्याच दिशेला. मॅडमना हे सांगितले तेव्हा त्यांनी तिथे जोर लावायचा नाही, अक्षर लहान काढायचे, असे सांगितले.

शाळा फार दिवस बुडवणे शक्य नव्हते आणि माझे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला न धरता विरुद्ध हातात धरायची असते, हे ऐकून स्टाफरूममध्ये एकदा चर्चाच झाली. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात आपोआप पुढे येतो, आणि काठी त्या हातात असली की भार दोघांत वाटला जातो. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. भार सोसण्याबाबतचा नियमही सोपा होता: शून्य ते दहा या मापात दुखणे तीन-चारच्या वर जाऊ द्यायचे नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढलेले असेल तर व्यायाम निम्म्यावर आणायचे. पाय दुखेपर्यंत करा असेही नाही आणि दुखला की थांबा असेही नाही. आपल्याकडे सल्ला देणारे बहुधा या दोन टोकांपैकी एकावर उभे असतात.

काठी सुटल्यावर मॅडमनी पहिले खरे मोजमाप घेतले. भिंतीसमोर उभे राहायचे, टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती मागे नेता येतो ते मोजायचे. डाव्या पायाचे अंतर ११ सेंटिमीटर भरले, उजव्याचे ४. दर सेंटिमीटरला घोट्याचे वाकणे साधारण साडेतीन अंशांनी वाढते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे माझा उजवा घोटा डाव्यापेक्षा सुमारे २५ अंश कमी वाकत होता. हे वाकणे कमी पडले की माणूस जिना उतरताना नकळत पाऊल बाहेर फिरवतो किंवा टाच लवकर उचलतो, आणि चवड्यावर आलेला घोटा सर्वांत अस्थिर असतो. पुन्हा मुरगळण्याची सोय झाली. मुलाची शाळेतली पट्टी मी बैठकीच्या भिंतीपाशी चिकटपट्टीने कायमची लावून टाकली. पोटरी ताणण्याचा व्यायाम दोन प्रकारे करायचा असे, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि खोलवरच्या स्नायूला ताण बसतो तो गुडघा वाकल्यावरच. अंतर रोज वाढत नसे. आठवडा आठवडा पट्टीवर एकाच रेघेवर मुक्काम, आणि मग एके सकाळी दोन रेघा पुढे.

जोडीला इलॅस्टिकचा पट्टा होता. बहुतेक कंपन्यांच्या पट्ट्यांत पिवळा सर्वांत हलका, मग लाल, हिरवा, निळा असा ताण वाढत जातो. दिवाणाच्या पायाला पट्टा बांधून पाऊल चारही दिशांना ओढायचे असते; त्यांतली बाहेरची दिशा महत्त्वाची. नडगीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरून घोट्यामागून पावलाकडे जाणारे पेरोनियल नावाचे दोन स्नायू पाऊल बाहेर वळवतात. पाऊल आत मुरगळायला लागले की त्याला रोखणारे तेच. ओढताना गुडघा वळवून फसवणूक करणे फार सोपे असते, म्हणून मॅडम माझ्या मांडीवर हात ठेवून बसत. त्यांचा भर ओढण्यापेक्षा सोडण्यावर जास्त होता: पट्टा पाऊल परत खेचतो तेव्हा तीन आकडे मोजत, विरोध करत करत परत यायचे, कारण प्रत्यक्ष रस्त्यावर स्नायूला नेमके तेच काम करावे लागते. लाल पट्ट्यावर १५ वेळा तीन फेऱ्या आरामात व्हायला लागल्या की हिरवा.

पोळा आला तोवर माझे दुखणे जवळजवळ थांबले होते. शंकर नगरला मेट्रोने जाताना जिन्यावर कठडा धरावा लागत नव्हता, वर्गात दिवसभर उभे राहिले तरी फक्त संध्याकाळी किंचित सूज येई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते. काळी आणि पिवळी मारबत बघायला मी माहेरच्या माणसांबरोबर जायचे ठरवले आणि मॅडमना सहज विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. मला टेबलापाशी उजव्या पायावर उभे केले. उभी राहिले. मग त्या म्हणाल्या, “आता डोळे मिटा.”

डोळे मिटताच घोट्याला काय झाले ते मी आयुष्यात पहिल्यांदाच लक्ष देऊन अनुभवले. पाऊल आत-बाहेर डगमगू लागले, बोटे फरशीला घट्ट पकडू लागली, पावलाच्या वरच्या शिरा ताणून उभ्या राहिल्या, आणि दोन-तीन सेकंदांत माझे दोन्ही हात टेबलावर होते. डाव्या पायावर मात्र तेच काम बऱ्यापैकी वेळ जमले. दुखणे मात्र दोन्ही पायांत सारखेच होते, म्हणजे शून्य. “गर्दीत कुणाचा धक्का लागला आणि पाय खड्ड्यात पडला, तर बघायला वेळ मिळत नाही,” मॅडम म्हणाल्या. मारबत त्या वर्षी मी टीव्हीवर पाहिली.

यामागचे कारण लिगामेंटमध्येच दडलेले आहे. लिगामेंट केवळ बांधणारा दोर नसतो. त्यात सांधा कुठे आहे, किती ताणला गेला आहे, हे मेंदूला कळवणारे मज्जातंतूंची बारीक टोके असतात, आणि लिगामेंट फाटते तेव्हा तीही तुटतात. १९६५ साली ब्रिटनमधले अस्थिशल्यचिकित्सक एम. ए. आर. फ्रीमन यांनी हा विचार मांडला. लिगामेंट सैल नसतानाही काही रुग्णांचा पाय सारखा ‘दगा देतो’ अशी तक्रार का असते, याचे उत्तर ते शोधत होते, आणि डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले की ही तक्रार कमी होते असे त्यांना दिसले. आज कुठल्याही फिजिओथेरपी केंद्रात दिसणारी ती गोल, खाली घुमट असलेली लाकडी फळी या विचाराची पुढची पिढी म्हणता येईल. मला स्वतःला हे स्पष्टीकरण पटले ते कॉलेजनंतरच्या माझ्या अनुभवामुळे. वर्षानुवर्षे हा घोटा एरवी कधीच दुखत नसे, तरी सपाट अंगणातही एकाएकी वळत असे. ताकद कमी नव्हती. बातमी उशिरा पोचत होती.

तोल सांभाळण्याच्या व्यायामाला माझ्या दिनक्रमात स्वयंपाकघराइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. ओट्याला पाठ न टेकता, पण हात पोचेल इतक्या अंतरावर, उजव्या पायावर उभे राहायचे. गुडघा किंचित सैल, नजर समोरच्या खिडकीच्या गजावर. पहिला टप्पा ३० सेकंद डोळे उघडे ठेवून. पुढचा, मान डावी-उजवीकडे फिरवत. ऐकायला किरकोळ, पण नजरेचा खिळा सुटला की घोटा लगेच कामाला लागतो. त्यानंतर एका पायावर उभे राहून मुलाने फेकलेला चेंडू झेलणे, त्यानंतर दुमडलेल्या सतरंजीवर उभे राहणे, आणि सगळ्यांत शेवटी डोळे मिटून. उघड्या डोळ्यांनी आणि मऊ पृष्ठभागावर असे एक, मिटलेल्या डोळ्यांनी आणि कडक फरशीवर असे दुसरे. दोन्ही अवघड गोष्टी एकदम करायला मॅडमची बराच काळ परवानगी नव्हती. सासूबाई सुरुवातीला धास्तावून दाराशी उभ्या राहत, नंतर कुकरच्या शिट्टीवर वेळ मोजायला लागल्या: “एका शिट्टीपर्यंत उभी राहिलीस तर मानलं!” कुकर रिकामा आहे की भरलेला यावर हे माप अवलंबून असते, ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

या काळात डगमगण्याचे रूप बदलत गेले, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे होते. आधी पाऊल वळे तेव्हा कंबर, खांदे, हात सगळेच झोके घेत. काही आठवड्यांनी कंबर शांत राहू लागली आणि हालचाल फक्त घोट्यात उरली, ती आधी मोठी आणि मग बारीक, अखंड. घोटा स्थिर राहणे याचा अर्थ तो हलत नाही असा नसून, लहान लहान चुका तो वेळेवर दुरुस्त करतो असा आहे, हे मॅडमचे म्हणणे तेव्हा पायात समजले. प्रत्यक्ष मुरगळणे तर इतक्या झटक्यात घडते की ते सुरू झाल्यावर स्नायूंना जागे होऊन धावायला वेळच पुरत नाही. पाऊल जमिनीला टेकण्याआधीच ते नीट धरलेले असावे लागते. म्हणून पुढे लहान उड्या येतात.

उड्यांच्या टप्प्यावर केंद्रात माझ्यासोबत दोन तरुण होते, एक कबड्डी खेळणारा आणि एक पोलीस भरतीची तयारी करणारा. भरतीवाल्याची घाई जीवघेणी होती. “काकू, तुमचं बरं आहे, मला सोळाशे मारायचा आहे,” असे तो दर भेटीत म्हणे. मैदानी चाचणीतल्या १६०० मीटर धावण्याच्या वेळेवर गुण ठरतात आणि तारीख कुणासाठी थांबत नाही. मॅडम त्याला आकडे दाखवत. जमिनीवर चिकटपट्टीने वाय अक्षरासारख्या तीन रेघा आखलेल्या होत्या. मधे एका पायावर उभे राहून दुसरे पाऊल समोर, आणि मागे तिरके दोन बाजूंना, जास्तीत जास्त लांब न्यायचे असते. समोरच्या दिशेत दोन पायांत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दुखापतीचा धोका वाढतो, असे शाळकरी खेळाडूंवरच्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले आहे. भरतीवाल्याचा फरक त्याहून जास्त होता. एका पायाने उडी मारून गाठलेले अंतरही दुखऱ्या पायाचे चांगल्या पायाच्या ९० टक्के भरेपर्यंत वेगाने धावायचे नाही, असे त्यांनी बजावले. तोवर त्याला सरळ रेषेत हळू धावायची मुभा होती, वळण घेण्याची नाही. तो कुरकुरत का होईना, पाळत होता. माझ्या वाट्याला उड्या आल्या त्या वयाला शोभतील एवढ्याच: आधी दोन्ही पायांवर जागच्या जागी, मग फरशीच्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे, मग उजव्या पायावर, उतरताना आवाज न करता. आवाज न होणे ही अट फार शहाणपणाची आहे. पाऊल धपकन पडले की स्नायूंनी काम केलेले नाही हे खोलीतल्या सगळ्यांना कळते.

पोटरीच्या ताकदीला मी कमी लेखत होते असे नाही, पण तिचा कस जिन्याच्या पायरीवर लागतो. चवडा पायरीच्या कडेवर, टाच हवेत. दोन्ही पायांनी वर उचलायचे आणि फक्त उजव्याने हळूहळू खाली यायचे. एका पायावर २५ वेळा टाच उचलता आली की पोटरी साधारण ठीक समजतात. डावा पाय ते सहज करी. उजव्याला तिथे पोचायला दिवाळी उजाडली.

खर्चाचे म्हणाल तर पट्टे आणि फिजिओची फी सोडता विशेष काही लागले नाही. पैसे खरे गेले ते बुटांवर. शाळेत साडीवर लेसचे बूट घालणे हा आमच्या पिढीतल्या शिक्षिकांना थोडा धाडसाचाच विषय, पण सपाट, मागून उघड्या चपला टाचेला धरून ठेवत नाहीत आणि पावसाळी फरशीवर घसरतात, त्यामुळे मी ते केले. मुलींनी एक दिवस पाहिले, दुसऱ्या दिवशी विसरल्या. घोट्याला लेसने आवळायचा ब्रेस मॅडमनी उंचसखल जागेपुरताच सांगितला. रोज घरात तो घालून बसायला त्यांचा विरोध होता. व्यायाम सोडून ब्रेसवर भागत नाही का, असे मी विचारले होते. नेदरलँड्समध्ये या दोन्हींवर चांगले काम झाले आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंपैकी निम्म्यांना आठ आठवडे घरी करायचे तोलाचे व्यायाम दिले होते. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, व्यायाम न दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा. नंतर तिथेच झालेल्या तुलनेत पुन्हा मुरगळणे टाळण्यात ब्रेस व्यायामापेक्षाही सरस ठरला. तरी मला व्यायामच जवळचा वाटतो, कारण ब्रेस सकाळी घरी विसरता येतो. मॅडमनी दोन्ही सांगितले, हे अर्थात जास्त बरोबर आहे.

ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर सकाळचे फिरणे सेमिनरी हिल्सवर सुरू केले. तिथले चढ-उतार सौम्य आहेत, आणि डांबरी रस्ता सोडून कडेच्या मातीवर उतरले की दगड-मुळे, सुकी पाने, कुठे ओलसर उतार असे सगळे मिळते. आधी डांबर, मग कडेची माती, मग उताराला तिरके चालणे, असा क्रम मॅडमनीच लावून दिला होता. तिरक्या उतारावर खालच्या बाजूचे पाऊल आत कलते, म्हणून तो भाग शेवटी.

रामटेकला त्रिपुरीच्या गर्दीच्या दिवशी न जाता आम्ही नंतरच्या रविवारी गेलो. चढणे मला कधीच अवघड वाटले नव्हते, तेव्हाही वाटले नाही. उतरताना दर पायरीला मागच्या पायाचा घोटा पुरेसा वाकावा लागतो, आणि जुन्या दगडी पायऱ्यांची उंची कुठे एकसारखी नसते. पण भिंतीपाशी मोजलेले अंतर तोवर ४ वरून १० सेंटिमीटरवर आले होते आणि टाच शेवटपर्यंत टेकून राहत होती. मधे एका माकडाने मुलाच्या हातातले चणे हिसकावले तेव्हा मी दचकून एकदम मागे सरकले आणि उजव्या पायावरच सावरले. संध्याकाळी घोटा थोडा भरून आला, सकाळपर्यंत उतरला, म्हणजे नियमात बसला.

पुढच्या भेटीत मॅडमनी सगळी मोजमापे पुन्हा घेतली. डोळे मिटून उजव्या पायावर मी आता निवांत उभी राहत होते. मग त्यांनी डावा पाय मागितला. तो उजव्यापेक्षा लवकर डगमगला, कारण इतके महिने त्याला कुणी काही शिकवलेलेच नव्हते. त्या हसल्या, जुना कागद फाइलला लावला आणि नव्या कागदावर दोन रकाने आखले: आठवड्यातून तीनदा, दोन्ही पाय.